घराला कुलूप दिसलं म्हणून रुग्ण हरवला असं लिहू नका

प्रति,
मा. आरोग्यमंत्री आणि सार्वजनिक आरोग्य विभागातले सर्व वरिष्ठ अधिकारी,
महाराष्ट्र शासन, मुंबई

विषय : ऊसतोडीला जाणाऱ्या बीपी-शुगरच्या रुग्णांच्या गोळ्यांबाबत

महोदय,

बीड जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रात आरोग्य सेविका म्हणून काम करून मी निवृत्त झाले. नोकरीत होते तोवर पत्र साहेबांच्या मार्फतच पाठवावं लागायचं आणि बहुतेक वेळा ते साहेबांच्याच टेबलावर मुक्काम करायचं. आता मार्फत कुणी उरलेलं नाही, म्हणून उघडच लिहिते.

आधी माझी चूक सांगते. एका उन्हाळ्यात गावातल्या शिबिरात पंचेचाळिशीच्या एका बाईंचा बीपी खूप वाढलेला निघाला. गोळी सुरू झाली. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, तिन्ही महिने त्या स्वतःहून गोळ्या न्यायला आल्या. ऑक्टोबरपासून आल्या नाहीत. नोव्हेंबरात मी घरी गेले तर दाराला कुलूप, शेळी शेजारच्यांकडे बांधलेली. त्या कुठे गेल्यात हे मला ठाऊक होतं. अख्खी गल्लीच ऊसतोडीला गेली होती. तरी रजिस्टरमध्ये मी शेरा मारला, ‘रुग्ण सहकार्य करत नाही’. आढावा बैठकीत रिकामा रकाना दाखवण्यापेक्षा हा शेरा बरा, कारण त्यात आपली चूक दिसत नाही.

पाडव्यानंतर त्या परत आल्या तेव्हा त्यांच्या अंगावरून वारं गेलेलं होतं. उजवा हात उचलत नव्हता. मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “गोळ्या संपल्या व्हत्या सिस्टर. तिथं कुणाला मागू?”

या एका प्रश्नाचं उत्तर आपल्या कार्यक्रमात कुठेच नाही, म्हणून हे पत्र.

हा कार्यक्रम मी जवळून पाहिलाय. बीपी-शुगरसारख्या आजारांचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. २०१७ मध्ये उच्च रक्तदाब नियंत्रणाचा उपक्रम पाच राज्यांतल्या पंचवीस जिल्ह्यांत आला, त्यात महाराष्ट्र होता आणि सातारा जिल्हाही होता. आमची माणसं जिथे ऊस तोडायला जातात, त्यातलाच हा एक जिल्हा. मग उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, समुदाय आरोग्य अधिकारी आले, तिशीपुढच्या प्रत्येकाचा सी-बॅक फॉर्म, म्हणजे आजारांचा धोका तपासायची प्रश्नावली, आशाताई भरू लागल्या. आधी रुग्ण सापडायचा तो चक्कर येऊन पडल्यावर. आता तो पडायच्या आत सापडतो. हे मोठं काम आहे आणि ते मी नाकारत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी दवाखान्यात केसपेपरपासून सगळं मोफत झालं, तेही चांगलंच झालं.

तो सी-बॅक फॉर्म मात्र एकदा नीट वाचून बघा. त्यात एक प्रश्न आहे, आठवड्यातून किमान १५० मिनिटं शारीरिक हालचाल करता का? आमच्या आशाताईंनी तो प्रश्न एका ऊसतोड बाईंना विचारला, तेव्हा दोघीही पदर तोंडाला लावून हसत सुटल्या. पहाटेपासून ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढवायच्या. मिनिटं कुठून मोजायची? फॉर्म कुणासाठी लिहिला गेला ते त्या हसण्यात कळलं. अंग मोडून काम करणाऱ्याला बीपी-शुगर होत नाही, हा समज लोकांत आहे, आणि खरं सांगू का, तो आपल्यातही आहे.

आता हिशोबाचं बोलते. रक्तदाबाच्या उपक्रमात एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांचा बीपी आटोक्यात आला का, हे सहा ते नऊ महिन्यांनंतरच्या तिमाहीत बघतात. पद्धत चांगली आहे. नुसत्या नोंदणीचे आकडे फुगवून चालत नाही, माणूस औषधावर टिकला का ते कळतं. पण आमच्या वाड्या-तांड्यांवर माणूस नोंदणीला सापडतो कधी? गावात असतो तेव्हा, म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर. एप्रिल ते जूनमध्ये नोंदलेल्याचा निकाल ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये. जुलै ते सप्टेंबरमध्ये नोंदलेल्याचा जानेवारी ते मार्चमध्ये. दोन्ही निकाल बरोबर गाळपाच्या हंगामात. दरवर्षी आमच्या केंद्रांचा आकडा पडायचा, दरवर्षी साहेब रागवायचे, आणि दरवर्षी आम्ही मान खाली घालून ‘रुग्णांमध्ये जागृती कमी आहे’ असं लिहून द्यायचो. एवढी वर्षं तेच वाक्य लिहिताना हा कॅलेंडरचा घोळ आहे हे माझ्याही लक्षात आलं नाही. निवृत्तीनंतर रिकामपणी बोटं मोजताना आलं.

फडावर, म्हणजे ऊसतोडीच्या शेतात, औषध का सुटतं, ते मी लोकांना विचारत गेले. शिबिरात नाही विचारलं. शिबिरात लोक आपल्याला हवं तेच बोलतात. संध्याकाळी, ओट्यावर बसून विचारलं. नुसतं ‘गोळ्या संपल्या’ एवढंच कारण नव्हतं.

एक बाई म्हणाल्या, ती लघवीची गोळी मी आधीच टाकून दिली. आपल्या औषधपत्रात क्लोरथॅलिडोन असतं, बीपीला चांगलं, स्वस्त आणि सिद्ध झालेलं औषध. पण ते घेतलं की लघवीला जास्त वेळा जावं लागतं. फडात आडोसा म्हणजे उभा ऊस. जसजसा ऊस तुटतो तसतसा आडोसाही जातो. शेजारी दहा-वीस पुरुष. बाया तिथे पाणीसुद्धा कमी पितात. अशा बाईला आपण पाणी बाहेर काढणारी गोळी देतो आणि ती ‘अनियमित’ आहे म्हणतो! शुगरच्या मेटफॉर्मिननं सुरुवातीला कित्येकांचं पोट बिघडतं. मुंबईच्या कचेरीत पोट बिघडलं तर माणूस उठून आत जातो. फडात कुठे जायचं?

शुगरच्याच ग्लिमेपिराइडची गोष्ट त्याहून वाईट. जेवणाच्या आधी घ्या, असं आपण सांगतो. फडातलं जेवण घड्याळावर चालत नाही. ट्रॉली भरायची असेल तर दुपारची भाकरी तीन वाजता. सकाळी गोळी घेतलेला माणूस अकरा वाजता मोळी डोक्यावर असतानाच थरथरायला लागतो, घामाघूम होतो. लोक म्हणतात, गोळीनं अंगातली ताकद गेली. चुकीचं नाही म्हणत ते, साखर खरंच खाली गेलेली असते. एकदा असं झालं की तो ती पट्टी पुन्हा हातात घेत नाही, आणि टोळीतल्या बाकीच्यांनाही सांगतो. या माणसाला आपण काय समुपदेशन करणार? गूळ खिशात ठेव, सकाळी अर्धी भाकरी खाऊन गोळी घे, गोळी कमी लागेल का ते डॉक्टरांना विचार, एवढं कुणी नीट सांगितलं असतं तरी पुष्कळ झालं असतं. आम्हाला प्रशिक्षणात मीठ कमी, तेल कमी, चालणं रोज, एवढंच शिकवलेलं.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. कोपीत, म्हणजे मजुरांच्या झोपडीत, फ्रिज कुठला! तिथे माठातल्या ओल्या वाळूत बाटली ठेवणाऱ्या एक आजी मला भेटल्या होत्या. हे त्यांना कुणी शिकवलेलं नव्हतं.

मग तिथल्या दवाखान्यात का जात नाहीत, असं तुम्ही विचाराल. मीही विचारायचे. एका नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात आणि उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, त्या कोयत्यावर घेतलेली असते. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते, आणि बऱ्याच टोळ्यांत वरून दंड कापला जातो. दवाखान्यातल्या बाह्यरुग्ण तपासणीची वेळ सकाळची. त्या वेळी फड सोडणं म्हणजे मोफत गोळीसाठी दिवसाची कमाई मोजणं. केसपेपर मोफत केला, पण दवाखान्याची पायरी त्यांच्यासाठी अजून महागच आहे.

आणि खाडा करून गेलंच तर? आमच्या गावचा एक माणूस कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्रात रिकामी पट्टी घेऊन गेला होता. केंद्राचं नाव घेत नाही, कारण असं कुठेही होऊ शकतं. तिथे सांगितलं, तुमची नोंद इथली नाही, तुमच्या गावाहून घेऊन या. गाव दोनशे किलोमीटरवर. त्या सिस्टरवर मी रागवू शकत नाही. तिला तिच्या लोकसंख्येच्या हिशोबानं साठा मिळतो, तोच महिनाअखेर पुरत नाही, आणि परक्या जिल्ह्यातल्या माणसाला दिलेली गोळी तिच्या कामात धरली जाते की नाही तेही तिला माहीत नसतं. आता आभा क्रमांक, म्हणजे आरोग्याच्या नोंदींचा ऑनलाइन ओळख क्रमांक, आहे, सगळं ऑनलाइन दिसेल, असं सांगतात. ओटीपी जातो नवऱ्याच्या जुन्या नंबरवर आणि तो नंबर रिचार्जविना बंद पडलेला असतो. महोदय, कागद द्या. खिशात मावेल असं जाड कार्ड. त्यावर मराठीत आणि इंग्रजीत आजार, गोळीचं नाव, ताकद, शेवटचा बीपी. कन्नडमध्येही द्या, कारण आमच्या कितीतरी टोळ्या बेळगाव, बागलकोटकडे जातात.

हे सगळं नवं काही मागणं नाही. २०२० च्या टाळेबंदीत केंद्र सरकारनंच सूचना काढली होती की बीपी-शुगरच्या जुन्या रुग्णांना तीन महिन्यांपर्यंतच्या गोळ्या आशा आणि उपकेंद्रामार्फत द्याव्यात. आम्ही दिल्या. पिशवीत घालून, दारावर ठेवून दिल्या. आकाश कोसळलं नाही. टाळेबंदी उठली आणि आम्ही पुन्हा तीस गोळ्यांवर आलो. देशासाठी ती टाळेबंदी तेवढ्यापुरती होती. आमच्या गावांना दरवर्षी सहा महिने कुलूप असतं.

क्षयरोगाचा रुग्ण गाव सोडून गेला तर निक्षय पोर्टलवरून त्याची नोंद दुसऱ्या जिल्ह्यात पाठवता येते आणि तिथला कर्मचारी त्याला शोधतो. तिथे कुणी ‘तुमची नोंद इथली नाही’ म्हणत नाही. म्हणजे खात्याला हे जमतं. बीपीचा माणूस खोकत नाही, त्याच्यापासून दुसऱ्याला काही लागत नाही, म्हणून त्याला शोधायची कुणाला घाई नसते.

तामिळनाडूचं उदाहरण आपल्या बैठकांत नेहमी येतं. ५ ऑगस्ट २०२१ ला कृष्णगिरी जिल्ह्यातून त्यांनी ‘मक्कळै तेडी मरुत्तुवम’ सुरू केलं, लोकांना शोधत जाणारं वैद्यक. घरोघर बीपी-शुगर तपासतात आणि गोळ्या हातात देतात. योजना चांगली आहे, आणि आमच्या गावात मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांसाठी तर उद्याच सुरू करावी, कारण त्यांना दवाखान्यात नेणारी सून फडावर असते. पण ती जशीच्या तशी आणाल तर ऊसतोड्याचं काय? शोधायला घरी गेलेली बाई माझ्यासारखीच कुलूप बघून परत येईल.

आमच्याकडे निघण्याआधीची आरोग्य तपासणी होते, हे मला माहीत आहे. ती कशामुळे सुरू झाली तेही माहीत आहे. २०१९ मध्ये गर्भाशय काढण्याचा प्रश्न देशभर गाजला, समिती आली, बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३ हजार ८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. त्यानंतर आम्ही तपासणी करून कार्डं भरू लागलो. बीपी मोजतो, आकडा लिहितो, आणि तिसाव्या दिवशी संपतील एवढ्या गोळ्या देऊन माणसाला सहा महिन्यांसाठी पाठवतो. मी स्वतः असे शेकडो आकडे लिहिलेत.

म्हणून माझं मागणं आहे ते असं. घटस्थापना ते दसरा या दिवसांत, उचल वाटून झालेली असते आणि ट्रॅक्टर यायचा असतो, तेव्हा ज्यांचा बीपी-शुगर स्थिर आहे त्यांना तीन महिन्यांच्या गोळ्या हातात द्या. साठ्याची मागणी त्यासाठी जुलैतच घ्या, ऑक्टोबरात ‘मागणी कळवली आहे’ हे उत्तर नको. ज्यांचा स्थिर नाही त्यांना एक महिन्याच्या द्या, पण ते कुठल्या कारखान्याला चाललेत ते विचारून तिथल्या आरोग्य केंद्राला नावानिशी कळवा. उरलेल्या तीन महिन्यांच्या गोळ्या संक्रांतीच्या सुमाराला गाडीतळावर, म्हणजे टोळ्या मुक्काम करतात तिथे, द्या. राज्यातले ‘आपला दवाखाना’ दुपारी दोन ते रात्री दहा चालवायचे ठरले, म्हणजे मजूर माणसाची वेळ कोणती हे खात्याला कळतं. मग त्याच वेळेत आठवड्यातून एकदा एक गाडी गाडीतळावर का जाऊ नये? डॉक्टर नसला तरी चालेल. बीपीचं मशीन, ग्लुकोमीटर, गोळ्यांची पेटी आणि एक समुदाय आरोग्य अधिकारी पुरे. साखर कमी झालेल्यासाठी ग्लुकोजची पुडी तेवढी विसरू नका.

तिथे दिलेली गोळी ज्या केंद्रानं दिली त्याच्या कामात धरा. आणि रजिस्टरमध्ये एक रकाना वाढवा, ‘ऊसतोडीला गेला, अमुक कारखाना’. शेरे मारायला आम्हाला जागा नको, पत्ता लिहायला हवी.

एक इशारा मात्र देते. सोय म्हणून रुग्णांची यादी टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या हाती देऊ नका. कुठल्याशा बैठकीत अशी सूचना आली होती आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. ज्याला शुगर आहे, ज्याचा बीपी वाढतो, त्याला मुकादम पुढच्या वर्षी उचल कमी देईल किंवा घेणारच नाही. लोकांना हे पक्कं ठाऊक आहे, म्हणूनच कितीतरी जण गोळ्या लपवून घेतात, नाहीतर घेतच नाहीत. आमच्या एका दादांनी गोळ्यांची पट्टी तंबाखूच्या पुडीत ठेवलेली मी पाहिली आहे. (तंबाखू सोडा म्हणायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं.) त्यापेक्षा प्रत्येक टोळीत लिहिता-वाचता येणारी एखादी सून-लेक असतेच. ती गावातच निवडा, तिला गावातच चार दिवस शिकवा, आमच्या आशाताईंशी फोनवर बांधून द्या. आणि तिला मोबदला द्या. आशाताईला सी-बॅकच्या एका फॉर्ममागे १० रुपये आणि एका रुग्णाच्या सहा महिन्यांच्या पाठपुराव्याला ५० रुपये मिळतात. दिवसाला अठ्ठावीस पैसेही पडत नाहीत त्याचे, आणि फोनचा रिचार्ज तिच्याच पदरचा.

पैशाचं म्हणाल तर ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं महामंडळ आहे, आणि त्याला गाळलेल्या उसाच्या टनामागे कारखान्यांकडून १० रुपये आणि तेवढेच शासनाकडून मिळायचे ठरलेले आहे. सामाजिक न्याय विभागाचं महामंडळ, सहकार विभागाचे कारखाने आणि तुमच्या गोळ्या. या तीन खात्यांनी एका टेबलाशी बसायचं आहे, एवढंच. जनआरोग्य योजनेत आता पाच लाखांपर्यंतचा खर्च सरकार करतं. किडनी गेल्यावर त्याच बाईंच्या डायलिसिसचे पैसे तुम्ही भराल, पण त्याआधीची काही वर्षं रुपयाच्या आतली बीपीची अम्लोडिपिनची गोळी त्यांच्यापर्यंत पोहोचवायला तुमच्याकडे माणूस नव्हता.

ज्यांच्याबद्दल सुरुवातीला लिहिलं त्या बाई आता गावातच असतात. डाव्या हातानं भाकरी थापायला शिकल्यात. गोळी रोज घेतात, एकही दिवस चुकवत नाहीत. त्यांच्या जागी आता त्यांची सून कोयत्यावर जाते. गेल्या उन्हाळ्यात मी घरचं मशीन लावून तिचा बीपी पाहिला, १५२ वर ९८ आला. वय वर्षं एकतीस. तिला उपकेंद्रात मीच घेऊन गेले. नव्या सिस्टरनं नाव लिहून घेतलं, तीस गोळ्या दिल्या आणि पुढच्या महिन्याची तारीख सांगितली.

टोळ्यांच्या गाड्या आमच्या वेशीतून दसऱ्यानंतर निघतात, बहुतेक रात्रीच्या. आपल्यापैकी कुणाला यायचं असेल तर मी तिथे असेन.

आपली,
एक निवृत्त आरोग्य सेविका
जि. बीड